डेनियरचा जाब आणि वायूचा जाब

शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे संचालक व व्यवस्थापक यांस,



9,000 मीटर सूत 120 ग्रॅम भरले की ते 120 डेनियर. वजनात फरक आला की माल अडतो, सुताचे कोन बाजूला निघतात, सुपरवायझरला जाब द्यावा लागतो. रेयॉनची ही शिस्त शहाडच्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि आम्हा शहाडकरांना तिचा अभिमान आहे. आता ती कोनच्या पलीकडे न्या, यासाठी हे पत्र.

रेयॉनच्या व्हिस्कोस प्रक्रियेत लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात. सल्फ्युरिक आम्ल आणि झिंक सल्फेटच्या बाथमध्ये त्याचा धागा होतो आणि तिथेच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याने डोळे चुरचुरतात. प्रमाण फार वाढले तर नाकच बधिर होते, म्हणून ‘वास येत नाही ना, मग चालू दे’ असे कुणी कामगाराला सांगू नये. सोबतचा कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षे अंगात गेला तर मज्जातंतूंना आणि हृदयाला इजा करतो. धागा आणि वायू एकाच मशीनवर तयार होतात. मग डेनियरचा जाब प्रॉडक्शनने द्यायचा आणि वायूचा एकट्या सेफ्टी ऑफिसरने, हे कसे?

फायली वेगळ्या, म्हणून जबाबदारीही वेगळी. आयएसओ 9001 गुणवत्तेची, 14001 पर्यावरणाची, 45001 कामगारांच्या सुरक्षेची, आणि सीएसआरचे दोन टक्के चौथ्याच टेबलावर. खरे तर ही मानके एकत्र राबवता यावीत म्हणून आयएसओनेच ती एका साच्यात बसवली आहेत.

सप्टेंबर 2023 मध्ये शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन माणसे दगावली. त्या दिवशी धागा किती उत्तम निघाला, हे कोण विचारील? नदीचेही तसेच. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरला शुद्ध होऊन भिवंडी-ठाण्याच्या नळांना जाते. म्हणजे नदीत काय सुटते हाही तुमच्या मालाच्या गुणवत्तेचाच भाग आहे. शेजारची मोहन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. कारखान्याचे मोल ताळेबंदात मावत नाही, हे या पट्ट्याने सोसून शिकले आहे.

तेव्हा महिन्याच्या आढावा बैठकीत एकच तक्ता ठेवा: डेनियर, तुटलेले धागे, स्पिनिंग हॉलमधल्या वायूचे प्रमाण, परत मिळवलेले गंधक, सांडपाण्यातले झिंक, थोडक्यात टळलेले अपघात. सगळ्याचा जाब एकाच प्लांट हेडने द्यावा आणि त्याची बढती, बोनस त्यावरच ठरावा. क्वालिटीवाला जसा लॉट अडवतो, तशी वायूचे प्रमाण वाढताच मशीन थांबवण्याची मुभा शिफ्टमधल्या प्रत्येक माणसाला, ठेकेदाराच्या कामगारालाही, लेखी द्या. बैठकीला कामगारांचा आणि वस्तीचा एकेक माणूस बसवा आणि वायूचे, झिंकचे आकडे गेटवर मराठीत लावा. सुरुवात येत्या महिन्याच्याच बैठकीपासून करा.

आपला,
एक शहाडकर