सरकारी बाळंतविडा: किटमध्ये काय मिळते, घरून काय न्यायचे?

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत विदर्भात अजून टिकून आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरड किंवा मांडगावची लेक सासरी नोंदणी करते आणि सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. कागद मात्र सासरच्या अंगणवाडीत राहतात. तयारीतला खरा घोळ इथे होतो, कपडे कमी पडल्यामुळे नव्हे.

योजना काय आहे?

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने जानेवारी २०१९ मध्ये ‘बेबी केअर किट’ योजना सुरू केली. सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिले बाळंतपण झालेल्या आईला सुमारे २ हजार रुपयांचे किट देण्याची ही योजना. त्यात बाळाचे कपडे, लहान गादी, टॉवेल, मच्छरदाणी, ब्लँकेट, थर्मामीटर, मालिशचे तेल, नेलकटर, हातमोजे-पायमोजे अशा वस्तू ठरवल्या गेल्या. कल्पना जुनी आहे. फिनलंडमध्ये अशी पेटी १९३८ पासून दिली जाते, आणि ती मिळवण्यासाठी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणी करावी लागते. पेटीच्या निमित्ताने बाई दवाखान्यात यावी, हा त्यातला मूळ हेतू.

आपल्याकडचे किट बाळाच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी आहे. म्हणजे प्रसूतीच्या दिवशी ते हातात असेलच असे धरून चालू नये. दुसऱ्या बाळंतपणाला तर ते नाहीच.

मग पिशवीत काय हवे?

धुऊन कडक उन्हात वाळवलेली मऊ सुती दुपटी, झबली, टोपडी, लंगोट. नवे कोरे कपडे न धुता बाळाला घालू नयेत; आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे त्यापेक्षा चांगले. किट बारमाही एकच, पण समुद्रपूरचा जानेवारी आणि नवतपा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मे महिन्यात बाळाला लोकरीत गुंडाळले तर त्याचे अंग तापते, आणि घरचे त्याला ताप समजतात.

किटचे नावच बाळाचे आहे, त्यामुळे आईच्या गरजा मागे पडतात. सॅनिटरी पॅड, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, चादर आणि पाण्याची बाटली घरूनच न्यावी. प्रसूतीनंतर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, पण मागून घ्याव्या लागतात.

दुधाची बाटली आणि पावडरचा डबा पिशवीत नको. त्यांची जाहिरात करायलाही १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. मध, घुटी, काजळ यांनाही सुट्टी द्यावी. बंद खोलीतली धुराची शेगडी बाळाच्या छातीला त्रास देते.

पैसे कशाला लागतात?

जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवणही मिळते. घरी सोडायला गाडीही याच कार्यक्रमात बसते. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. त्यामुळे हाताशी ठेवलेले पैसे हिंगणघाट किंवा सेवाग्रामला हलवावे लागले तर सोबतच्या माणसांसाठी राखावेत.

माहेरी आल्यावर पहिले काम

माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बँक पासबुक सोबत आणावे आणि माहेरच्या आशाताईला कळवावे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन पाहायचे असते. अशा गृहभेटींचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घातला, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण बाळंतीण माहेरी आहे हे आशाताईला माहीतच नसेल, तर ती सासरच्या दारातून परत जाते.

बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले किंवा तापले, छाती आत ओढून श्वास घेत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.