बंध तुटताना ऊर्जा सुटत नाही

गेल्या अंकातील एका पत्रात एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूविषयी ‘एटीपीचा फॉस्फेट-बंध तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते’ असे विधान आहे. ते चुकीचे आहे. कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते तेव्हा जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात, दाटीने बसलेले ऋणभार सुटे होतात, मोकळ्या फॉस्फेटला पाणी अधिक घट्ट वेढते. या साऱ्या देवघेवीची गोळाबेरीज म्हणजे प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल मुक्त ऊर्जा. जिवंत पेशीत ती ५०च्या आसपास जाते, कारण पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापासून फार दूर राखते. मला तर सजीवांचे खरे मर्म इथेच दिसते. अभिक्रिया समतोलाला पोचली की उरलेल्या एटीपीत बंध तेच असतात, पण त्याच्याकडून काम होत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ साली ‘उच्च ऊर्जा बंध’ ही कल्पना रूढ केली. ती सोयीची होती, पण गोंधळही तिथूनच सुरू झाला. बारावीला शिकवणाऱ्यांना विनंती, ‘बंध तुटून’ऐवजी ‘अभिक्रियेतून’ म्हणा.

— रसायनशास्त्राचा एक शिक्षक