संग्रहालय कोणाचे?

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. याच शहरात महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. राजनांदगावचे संस्थानिक महंत घासीदास यांनी ते १८७५ मध्ये स्थापन केले आणि आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भनपुरीच्या कामगाराला हे अंतर फार नाही. अडसर आहे तो मनातला. संग्रहालय म्हणजे विद्वानांची जागा, नाही तर शाळेच्या सहलीची, ही समजूत सर्वत्र घट्ट रुजलेली आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोकांनी ‘अजब बंगला’ असे नाव दिले. त्या नावात कौतुक आहे, पण दुरावाही आहे. अजब वस्तू पाहून थक्क व्हायचे आणि घरी परतायचे, इतकाच त्यातला व्यवहार!

वास्तविक, काही वस्तूंपुढे कामगाराची नजर अभ्यासकाच्या पुढे जाऊ शकते. महानदीच्या काठावरील सिरपूर येथे १९३९ मध्ये बौद्ध मूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यांपैकी काही धातुमूर्ती या संग्रहालयात आहेत. मूर्ती कोणत्या देवतेची आणि कोणत्या शतकातील, हे अभ्यासक सांगतो. ज्याने कारखान्यात साचे भरले आहेत, त्याला मात्र वेगळाच प्रश्न पडेल : इतक्या नाजूक बोटांपर्यंत धातूचा रस पोहोचला कसा? मूर्ती आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा, ही ती रीत. बस्तरचे घडवा कारागीर आजही तिच्यानेच काम करतात. संग्रहालयातील पाट्यांवर सहसा नाव, काळ आणि ठिकाण एवढेच असते. घडवणाऱ्या हातांविषयी त्या बहुधा मुक्या असतात, आणि ही उणीव लहान नव्हे.

याच संग्रहालयात एक जुना लाकडी खांब आहे. मूर्तींच्या देखण्या रांगांपुढे तो अगदी सामान्य दिसतो. घाईने फिरणारा त्याच्यापाशी थांबणारही नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हीराबांध तलाव आटला आणि गाळ काढताना हा खांब वर आला. त्याच्यावर ब्राह्मी लिपीत मजकूर कोरलेला होता, सुमारे दुसऱ्या शतकातला. शेकडो वर्षे पाण्याखाली राहिल्यामुळेच लाकूड टिकले होते. बाहेर येताच ऊन लागले, लाकूड तडकले आणि अक्षरांसकट त्याच्या ढलप्या निघू लागल्या. तेथील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी जेवढी अक्षरे दिसत होती, तेवढी जशीच्या तशी उतरवून घेतली. पुढे पुरातत्त्वज्ञ हीरानंद शास्त्री यांनी लेख वाचला, तो मुख्यतः त्या नकलेच्या आधारे. मूळ खांबावर तोवर फारच थोडी अक्षरे उरली होती. पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत हे गृहस्थ स्वस्थ बसते, तर त्या लेखातील बहुतेक शब्द कायमचे गेले असते.

आणि त्या लेखात आहे तरी काय? राजाची स्तुती नव्हे, देवाची प्रार्थनाही नव्हे. ती आहे कामाच्या हुद्द्यांची यादी. त्यात सेनापती आहे, नगररक्षक आहे. पण त्यांच्याच पंगतीला हिशेब ठेवणारा गणक, कोठार सांभाळणारा भांडागारिक, स्वयंपाकघर पाहणारा महानसिक, निरोप घेऊन पळणारा धावक, पत्रे पोहोचवणारा लेखहारक आणि गाईंच्या कळपांवर देखरेख करणारा गोमांडलिकही आहे.