जुनी बोट घेताना

वर्सोव्याचे आमचे एक स्नेही निवृत्तीचा सारा पैसा घालून पुतण्यासाठी मासेमारीची जुनी बोट घ्यायला निघाले. नवा रंग, नाळेवर झेंडूची माळ; पाहताच भुलले! बरोबरचा म्हातारा तांडेल मात्र एवढेच म्हणाला, "आधी वर ओढा."

खरेच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हा तळ आयता पाहता येतो. दिवाळीत सौदा करायचा तर ओढण्याचा खर्च सोसावा. लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाहेर टाचणीएवढे भोक ठेवतो आणि आत फळीची चाळण करतो. हातोडीने ठोकत जावे. निरोगी फळी खणखणते, कुजकी बद्द वाजते. रंग जेथे सर्वांत ताजा, तेथे दोनदा ठोकावे! इंजिन आधीच तापवून ठेवलेले नसावे, आपल्यासमोर थंड सुरू करायला लावावे. वंगण दुधाळ दिसले की पाणी शिरले समजावे. नोंदणी, परवाना, कर्जाचा बोजा वकिलाकडून पाहून घ्यावा.

बोट वर आली. तांडेलाने तळाच्या कण्याशी चाकू टेकवला. पाते मुठीपर्यंत आत गेले. हिच्यावर आठ माणसे समुद्रात जायची होती, त्यांत पुतण्याही. स्नेह्यांनी इसाऱ्याचे पाकीट पुन्हा खिशात घातले.