साइट डाउन आहे, मग तुमच्याकडची कॉपी कुठाय?

'क्रिकेट ०७'मध्ये आयपीएल कुठून आली, असा प्रश्न कधी पडलाय? ईए स्पोर्ट्सने हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये काढला. आयपीएलचा पहिला सामना झाला एप्रिल २००८ मध्ये. गेमचा सगळा भर ॲशेसवर, कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. भारतीय संघाचं लायसन्स नव्हतं, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावंसुद्धा खरी नव्हती. ईएने या मालिकेतला पुढचा गेम कधी काढलाच नाही. तरीही आपल्या पिढीतल्या कित्येकांनी याच गेममध्ये मुंबई विरुद्ध चेन्नई खेळलंय, खऱ्या जर्सीत, खऱ्या नावांनिशी, त्या त्या वर्षीच्या लिलावानंतरच्या संघांसह.

हे कंपनीने केलेलं नाही. भारत, पाकिस्तान, इंग्लंड आणि कुठकुठल्या पोरांनी आपापल्या घरी बसून, एक पैसा न घेता केलंय. कुणी जर्सी रंगवल्या, कुणी बॅटचे स्टिकर बदलले, कुणी स्टेडियम उभी केली, कुणी टीव्हीसारखा स्कोअरबोर्ड बनवला, कुणी शेकडो खेळाडूंचे आकडे एकेक करून रोस्टरमध्ये भरले. प्लॅनेटक्रिकेटसारख्या चाहत्यांच्या साइटवर ही मंडळी एकमेकांना शिकवत होती. मी याला लोककला म्हणतो, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाहीये.

आता यातला एखादा जुना पॅच शोधून बघा. साइट उघडली तर नशीब. उघडलीच, तर स्क्रीनशॉटच्या जागी फोटोबकेटचा राखाडी डबा दिसेल, कारण फोटोबकेटने २०१७ मध्ये बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायचे वर्षाला ४०० डॉलर मागायला सुरुवात केली. खाली डाउनलोडची लिंक असेल मेगाअपलोडची, जे अमेरिकन सरकारने जानेवारी २०१२ मध्ये बंद पाडलं. किंवा रॅपिडशेअरची, जे मार्च २०१५ मध्ये बंद झालं. पाटी शाबूत आहे, दुकानात काही नाही.

यावर लोकांच्या दोनच प्रतिक्रिया असतात. पहिली: 'काय भंगार साइट आहे, ॲडमिन झोपलाय का?' दुसरी: 'फुकट मिळतंय ना, मग गप्प बसा.' मला या दोन्हींचा राग येतो. पहिलीत कृतघ्नपणा आहे, हे उघडच आहे. दुसरी सभ्य वाटते, पण जास्त घातक तीच आहे. तिच्यात असं गृहीत धरलंय की साइट चालवणं ही ॲडमिनची मेहेरबानी आणि साइट बुडणं हे आपलं नशीब. आपण स्वतः काही करू शकतो, हा विचार दोन्हींत नाही.

आधी हिशोब बघू. समजा एक आयपीएल पॅच २ जीबीचा आहे आणि सीझनच्या पहिल्या आठवड्यात ५,००० जणांनी तो उतरवला. झाले १०,००० जीबी. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे डेटा बाहेर पाठवायचा दर जीबीमागे साधारण ९ सेंट धरला, तर बिल ९०० डॉलर. स्वस्त होस्टिंग मिळतं, पण तिथे 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरात अटी असतात आणि गर्दी झाली की तेच पहिल्यांदा साइट बंद करतात. बरं, ही गर्दी वर्षभर नसते. आयपीएलच्या तोंडावर जत्रा, एरवी शुकशुकाट. असा ट्रॅफिक भल्याभल्यांना झेपत नाही, आणि इथे बिल भरणारा एकच माणूस असतो. डोमेन त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. त्याला नोकरी लागते, लग्न होतं, मूल होतं. कार्ड एक्स्पायर होतं, पाठोपाठ डोमेनही. म्हणून या साइट फाइल स्वतःकडे ठेवतच नाहीत, फुकट्या फाइल-होस्टवर टाकतात आणि फक्त लिंक देतात. साइट वाचते आणि फाइल मरते, ती अशी.

'मग मोठ्या कंपनीकडे द्या' म्हणाल, तर तोही प्रयोग झालाय. गेमस्पायच्या 'प्लॅनेट' नेटवर्कवर क्वेक, हाफ-लाइफ वगैरे गेमच्या चाहत्यांच्या साइट वर्षानुवर्षं फुकट नांदल्या. २०१३ मध्ये मालक आयजीएनने गेमस्पायच बंद केलं. कंपनीचा सर्व्हर क्वचित पडतो, हे खरं. पण कंपनी तो ठरवून बंद करते तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं.

'मग इंटरनेट आर्काइव्ह आहे की!' आहे, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉमहॅकिंग डॉट नेट या जवळपास वीस वर्षं चाललेल्या साइटने काम थांबवलं, तेव्हा चालवणाऱ्यांनी सगळा साठा इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवला. निरोप घ्यावा तर असा. पण दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, खुद्द आर्काइव्हवर हल्ला झाला. ३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती फुटली आणि आर्काइव्ह काही दिवस बंद होतं. तो साठा बुडाला नाही. पण जगाचं तळघर म्हणून ज्याच्याकडे बघतो, तेही एक ठिकाण आहे आणि एका ठिकाणाला कुलूप लागू शकतं, एवढं त्या दिवसांत दिसलं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की सर्व्हर पडणारच. तो पडू नये यासाठी जीव काढण्यापेक्षा, तो पडल्यावर काय राहतं हे बघा. डाउनटाइम ही गैरसोय आहे. एकच कॉपी असणं हा खरा रोग आहे.

आणि या रोगावरचं औषध गेमिंगच्याच जगात तीस वर्षांपासून आहे. 'डूम' १९९३ च्या डिसेंबरमध्ये आला. लोकांनी त्याच्या लेव्हल बनवायला घेतल्या आणि त्या 'आयडीगेम्स' नावाच्या एका साठ्यात जमा होऊ लागल्या. नव्वदच्या दशकात हा साठा ज्या मुख्य सर्व्हरवर होता, तो केव्हाच गेला. साठा मात्र आजही आहे, आणि १९९४ ची लेव्हल तुम्ही आत्ता उतरवून खेळू शकता. कारण साधं आहे. अमेरिकेत, जर्मनीत, ग्रीसमध्ये या साठ्याचे मिरर होते. एक बंद पडला की दुसरा चालू. आणि प्रत्येक लेव्हलबरोबर एक टेक्स्ट फाइल असते: कुणी बनवली, कशी बनवली, आणि इतरांना ती वाटायची परवानगी आहे की नाही. बहुतेकांनी लिहिलेलं असतं की ही टेक्स्ट फाइल सोबत ठेवा आणि खुशाल वाटा.

आपल्याला हे नवं नसावं. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, ती लोकांच्या तोंडी होती म्हणून, असं मानणारे महाराष्ट्रात कमी नाहीत. वहीची एकच प्रत असती आणि वर 'विनापरवाना म्हणू नये' असं लिहिलं असतं, तर?

कारण आपल्या मॉडिंगच्या दुनियेत नेमकं तेच लिहिलेलं असतं: 'माझ्या परवानगीशिवाय दुसरीकडे अपलोड करू नये.' पुढे बनवणारा गायब होतो, ईमेलला उत्तर येत नाही, होस्ट बंद पडतो, आणि परवानगी द्यायला कुणी उरत नाही.

मॉडरांचा राग मला कळतो. महिनोन्महिने खपून पॅच बनवायचा आणि कुण्या यूट्यूबवाल्याने नाव काढून, पाच जाहिरातींच्या लिंकमागे लपवून त्यावर कमाई करायची, हे सर्रास चालतं. २०२१ मध्ये नेक्सस मॉड्सने ठरवलं की यापुढे मॉड पूर्ण डिलीट होणार नाही, फक्त नजरेआड ठेवला जाईल. तेव्हा अनेकांनी चिडून दिलेल्या मुदतीत आपले मॉड काढून घेतले. आपल्या कामावर आपला हक्क हवा, हे म्हणणं चूक नाही. पण चोरी आणि जतन यांत फरक आहे. चोर नाव पुसतो, मिरर नाव सोबत नेतो. आणि गंमत बघा, 'अपलोड करू नये'ने चोर अडत नाही, तो तसाही वाचत नाही. अडतो तो फक्त प्रामाणिक माणूस, ज्याने ती फाइल जपून ठेवली असती.

हल्ली तर साइटही नकोत, सगळं डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवर. तिथलं सर्चला सापडत नाही. ग्रुप उडाला की दहा वर्षांचं बोलणंही उडतं. डिस्कॉर्डने २०२३ मध्ये जाहीरच केलं की बाहेर दिलेल्या फाइलच्या लिंक २४ तासांत मरतील. यापेक्षा आमची हॉस्टेलं बरी होती. लॅनवर डीसी++ चालायचं, एका पोराने पॅच आणला की रात्रीपर्यंत चाळीस मशीनवर असायचा. जतन करायचं म्हणून कुणी करत नव्हतं, तरी होत होतं. पेनड्राइव्ह गेले, सगळं 'ऑनलाइन आहेच की' झालं, आणि प्रती चाळीसच्या एकावर आल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मॉड बनवत असाल, तर सोबत टेक्स्ट फाइल टाका आणि त्यात लिहा: नाव ठेवा, पैसे घेऊ नका, बाकी हवं तिथे वाटा. एवढी ओळ तुमच्या हयातीनंतरही काम करेल. साइट चालवत असाल, तर सहा महिन्यांतून एकदा सगळा साठा एका टॉरेंटमध्ये बांधून लोकांना द्या आणि पासवर्ड आणखी दोघांकडे असू द्या. मूळ गेम त्यात घालू नका. ती पायरसी होईल आणि तेवढ्यासाठी सगळा साठा उडेल.

आणि नुसते डाउनलोड करणारे असाल, म्हणजे आपण बहुतेक सगळेच, तर येत्या दिवाळीच्या साफसफाईत जुना डेस्कटॉप भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या. कुठल्या तरी 'न्यू फोल्डर (३)' मध्ये २०१२ चा पॅच पडलेला असेल. कदाचित जगातला शेवटचा.