साधं टेबल, पक्की पकड

माझ्या डाव्या अंगठ्यावर टाक्यांची खूण अजून दिसते. जेवणाच्या टेबलावर फळी ठेवून, एका हातानं ती दाबून धरून मी पटाशी चालवत होतो. फळी सरकली, पटाशी घसरली आणि चार टाके पडले. घरच्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. मीही ठरवलं, आता आधी कामाचं टेबल करायचं, मगच सुतारकाम.

मग काय विचारता! आराखड्यांवर आराखडे सुरू झाले. खाली चार ड्रॉवर, दोन लोखंडी शिकंजे, पायांना चाकं, वर चकचकीत सनमायका. दोन महिने गेले, पण लेकीला कबूल केलेलं पुस्तकांचं कपाट काही सुरू होईना. शेवटी ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘‘साहेब, सगळं छान आहे, पण यात फळी धरायची कुठं?’’

खरा मुद्दा तोच होता. फळीवर काम तीन ठिकाणी होतं: सपाट बाजूवर, कडेवर आणि टोकावर. तिन्ही वेळा ती हलली नाही, तर टेबल चांगलं. आपले सुतार तर जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून सुबक काम करत आले आहेत. फ्रान्समधल्या आंद्रे-जाकोब रूबो या सुतारानं १७६९ पासून आपल्या कलेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलं टेबलही साधंच आहे. पाच-सहा इंच जाडीची फळी, चार भक्कम पाय, लाकूड अडवायला एक खुंटा आणि काही भोकं. भोकात घालायचा तो छत्रीच्या मुठीसारखा वाकडा लोखंडी आकडा. डोक्यावर एक घाव घातला की फळी पक्की, मागून एक घाव घातला की मोकळी! इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या इटलीतल्या हर्क्युलेनियम शहरात सापडलेल्या एका भित्तिचित्रातही असाच आकडा दिसतो.

मिस्त्रींनी माझ्या आराखड्यावर भराभर काट मारली. फळीच्या लगेच खाली ड्रॉवर आले, की क्लॅम्प लावायला जागा उरत नाही. चाकं असली, की रंधा मारताना टेबलच पुढं पळतं. सनमायकावर लाकूड घसरतं.

उरलं ते असं: इमारत पाडल्यावर विकायला येणारं जुनं सागवान घ्या, त्यातले खिळे मात्र आधी शोधून काढा. वरची फळी अडीच-तीन इंच जाड, चार-पाच फूट लांब. पुढचे पाय फळीच्या कडेशी अगदी एका रेषेत ठेवा, म्हणजे लांब फळी उभी करून त्यांना क्लॅम्पनं आवळता येते. उंचीसाठी सरळ उभं राहून हात सैल सोडा. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं टेबल उंच. ते भिंतीला टेकवून ठेवा. करवतीच्या कामासाठी हातभर फळी घेऊन तिच्या एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून आडवी पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरची लाकडाला अडवते. पटाशी चालवताना लाकूड आकड्यानं किंवा क्लॅम्पनं आवळा. दोन्ही हात पटाशीवर आणि धारेच्या मागंच राहू द्या.

दोन रविवारांत टेबल उभं राहिलं. तिसऱ्या रविवारी पेटी माळ्यावरून खाली आली. ती काढून दिली सौभाग्यवतींनीच!

कपाट आज लेकीच्या खोलीत आहे. जरासं डावीकडं झुकतं, पण तो दोष माझा, टेबलाचा नव्हे.