पेलेटची शेगडी : आधी हिशेब, मग हप्ता

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. वहीच्या दोन पानांवर लिहिलेले, अक्षर शाळकरी मुलीचे. आई सांगत गेली आणि लेकीने लिहिले, असे शेवटी नमूद केले आहे. या भगिनी घरी शेव, चकली आणि चिवडा करून विकतात. सासूबाई पीठ मळतात, पती कामावरून आले की माल दुकानांत पोचवतात. घर दहा बाय बाराचे, वर पोटमाळा, तेथे मुले झोपतात. हेच घर, हाच कारखाना.

त्या लिहितात, “ताई, १९ किलोचा सिलिंडर आता परवडत नाही. एक विक्रेता म्हणतो, पेलेटची शेगडी घ्या, खर्च निम्मा होईल. बचत गटाकडून कर्ज मिळत आहे. घेऊ का नको?”

असाच प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून उत्तर सर्वांसाठी येथे देत आहे. एक गोष्ट आधीच सांगते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही. या भगिनी महाग पडत असूनही १९ किलोचा घेतात, हे योग्यच आहे.

पेलेट म्हणजे काय? लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, सोयाबीनचे कूट असा माल वाळवून, दळून, यंत्रात जोराने दाबतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा ते आठ मिलिमीटरच्या कांड्या तयार होतात. हेच पेलेट. शेगडीत खालून एक लहान पंखा हवा सोडतो. पेलेटमधून निघालेला वायू वरच्या छिद्रांतून आलेल्या हवेशी मिसळतो आणि पेटतो. म्हणून साध्या चुलीपेक्षा धूर पुष्कळ कमी आणि आच जोरदार. येथपर्यंत विक्रेता खरेच सांगतो.

आता हिशेब पाहू. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो चांगल्या पेलेटमध्ये सुमारे ४,०००. शिवाय गॅसच्या शेगडीची दोन तृतीयांश उष्णता भांड्याला लागते. पंख्याच्या शेगडीने किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी, असे भारतीय मानक ब्युरोचे २०१३ चे मानक सांगते. म्हणजे एक किलो गॅसचे काम करायला पाच किलोहून थोडे जास्त पेलेट लागतात. १९ किलोच्या एका सिलिंडरच्या जागी साधारण १०० किलो पेलेट धरावेत.

यातून एक सोपी रीत निघते. तुमच्या गावातील १९ किलोच्या सिलिंडरच्या किमतीला शंभराने भागा. जो आकडा येईल तो पेलेटच्या एका किलोचा भाव. समजा सिलिंडर १,८०० रुपयांना पडतो, तर आकडा येतो १८. पेलेट घरपोच १८ रुपये किलोने मिळत असतील तर एक रुपयाही वाचत नाही, आणि राख काढण्याचे काम मात्र वाढते. खर्च निम्मा होईल म्हणणाऱ्याने ९ रुपये किलोने घरपोच दिले पाहिजेत. टेम्पोचे भाडे धरूनच भाव विचारावा. एवढा एक प्रश्न विचारला की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

शेगडी एकदाच घेतो, पेलेट मात्र रोज लागतात. म्हणून शेगडीच्या आधी पेलेटचे दुकान पाहावे. २००६ साली ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी आपल्या भागात आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधन तिच्यामागे होते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत ती लाखो घरांत गेली. पुढे शेतातील काडीकचऱ्याला कारखान्यांची मागणी वाढली, कच्चा माल महागला, पेलेटचा भाव चढला आणि कितीतरी घरांत शेगडी बाजूला पडली. शेगडीत दोष नव्हता, पण पेलेट परवडेनासे झाले. म्हणून विक्रेता एकच असेल आणि तो गाव सोडून दूर असेल, तर कर्ज काढून शेगडी घेऊ नये.

उत्तर लिहिण्याआधी मी एका खानावळ चालवणाऱ्या ताईंकडे जाऊन त्यांची शेगडी पाहिली. शेगडी पडवीत आहे, दोन बाजू उघड्या. पेलेटची पोती जमिनीवर नाहीत, लाकडी फळीवर आहेत. चालू पोत्यातला माल झाकणाच्या पिंपात. मी विचारले, इतकी काळजी कशाला? त्या म्हणाल्या, “पहिल्या पावसाळ्यात एक पोते भिंतीला टेकून ठेवले होते. ओल लागली आणि सकाळी पाहते तर कांड्यांचा परत भुसा झालेला. पैसे पाण्यात!” पेलेट भिजला की फुगतो आणि सुटतो, मग तो शेगडीत जळत नाही, नुसता धुमसतो. दहा बाय बाराच्या खोलीत शंभर किलो कोरड्या जागी ठेवायचे कोठे, याचाही विचार आधी हवा.

त्या ताई डाळ, भात आणि भाजी पेलेटवर करतात, पण पोळ्या आणि तळण गॅसवरच. हे मला फार महत्त्वाचे वाटले. गॅसची कळ फिरवली की आच त्या क्षणी बंद. पेलेटचा पंखा बंद केला तरी निखारा धगधगत राहतो. कढईत तेल उकळत आहे, ते पेटले, तर खालची आग लगेच विझवता येत नाही. आपला धंदा तर तळणाचाच! तेल पेटल्यास त्यावर पाणी कधीही ओतू नये, कढई उचलून पळू नये. मोठे झाकण कढईवर सरकवावे आणि दूर व्हावे. त्या मापाचे झाकण शेगडीजवळ रोज हाताशी असावे, मग शेगडी गॅसची असो वा पेलेटची.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. अमेरिकेत आणि युरोपात पेलेटची शेगडी खोली गरम करायला वापरतात. तेथे थंडीत घरातले छोटे कारखाने, सुतारकामाच्या खोल्या अशाच शेगडीने उबदार ठेवतात. पण त्या शेगडीला धूर घराबाहेर नेणारी नळी असते. नळीवाचून ती बसवतच नाहीत. आपल्याकडे स्वयंपाकाची पेलेटची शेगडी बहुतेक वेळा नळीशिवाय येते. तिचा धूर आणि वायू जेथे शेगडी तेथेच राहतात.

धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण दार उघडतो. पण कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पेलेट अर्धवट जळले, पंखा मंदावला, वीज गेली किंवा शेवटी नुसते निखारे उरले की तो जास्त निघतो. गरम हवेबरोबर तो वर जातो, आणि वर पोटमाळ्यावर आपली मुले झोपलेली असतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे ही त्याची लक्षणे. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असे होऊ लागले तर पित्त म्हणून दुर्लक्ष करू नये. ताबडतोब सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि डॉक्टरांना शेगडी पेटलेली होती हे आवर्जून सांगावे. थंडीत उरलेल्या निखाऱ्यांवर खोली उबदार ठेवून दार लावून झोपणे तर कधीच नको. दरवर्षी हिवाळ्यात उत्तरेकडून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात.

तेव्हा, पत्र लिहिणाऱ्या भगिनी, माझे उत्तर असे. तुमच्या खोलीत, पोटमाळ्याखाली, धुराड्याशिवाय ही शेगडी लावू नका. मग ती फुकट मिळाली तरी नको. पडवी किंवा मागची मोकळी जागा असेल, छपरावर जाणारे पत्र्याचे धुराडे बसवता येत असेल, तरच पुढचा विचार करा. तसे झाले तरी तळण गॅसवर ठेवा. पोहे भाजणे, पाणी तापवणे अशी कामे पेलेटवर घ्या.

आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून या गोष्टी करून घ्या. ज्याला माल विकायचा आहे तो नाही म्हणणार नाही.

१. शेगडी तुमच्या जागी, तुमच्याच भांड्यावर, पूर्ण दिवसाच्या कामासाठी पेटवून दाखवावी. पेलेट आधी आणि नंतर तागडीत तोलावेत.

२. काम चालू असताना पंखा बंद करून दाखवावा. किती धूर होतो, बॅटरीवर किती वेळ चालतो, हे डोळ्यांनी पाहावे.

३. जळत असताना वरून पेलेट घालता येतात का, हे विचारावे. काही शेगड्या एकदा भरल्या की संपेपर्यंत थांबावे लागते.

४. राख पाहावी. शेतमालाच्या पेलेटची राख जास्त असते आणि कधी वितळून तिचे दगडासारखे खडे होतात. ते जाळीत अडकले की हवा कोंडते.

५. पंखा बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यावे.

या दिवसाभराच्या तपासणीला पैसे लागत नाहीत. ती न करता घेतलेल्या शेगडीचा हप्ता मात्र, शेगडी कोपऱ्यात पडली तरी, दर महिन्याला भरावाच लागतो.

ज्या लेकीने पत्र लिहिले तिला एक काम सांगते. आईच्या वहीत आजपासून दोन रकाने आख. सिलिंडर कोणत्या तारखेला लावला आणि कोणत्या तारखेला संपला. त्यात किती किलो माल झाला, तेही लिही. दोन महिन्यांनी तुमच्याकडे तुमचा स्वतःचा आकडा असेल. विक्रेता आला की त्याच्यापुढे ती वही ठेव, आणि काय ठरले ते आम्हाला जरूर कळव.